चौथ्या पटावरचं प्यादं

रामहरीनं पांढरा हत्ती उचलला आणि हातातच धरून ठेवला. त्याआधीच्या सगळ्या चाली त्यानं न अडखळता मांडल्या होत्या. इथं येऊन हात थांबला.

"घाई नाय, रामहरीभाऊ," फारूख म्हणाला. "आरामात."

फारूखच्या चष्म्याच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर पट मांडला होता. सोमवारी दुकान बंद असायचं, म्हणून शटर अर्धंच वर केलेलं. त्याखालून क्रांती चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांची चाकं तेवढी दिसत होती. काउंटरच्या अलीकडं स्टुलांवर तिघं, पलीकडं फारूख. या चौघांचा एक संघ होता. शहरातल्या सांघिक बुद्धिबळ लीगमध्ये ते खेळायचे, चार पटांवर चार जण. पहिल्या पटावर मेघा, दुसऱ्यावर कप्तान फारूख, तिसऱ्यावर सुदर्शन सर आणि चौथ्यावर रामहरी.

काल, रविवारी, दौलताबादच्या संघाशी सामना झाला होता. मेघा जिंकली, फारूख हरला, सरांची बरोबरी झाली. रामहरीचा डाव सगळ्यात शेवटपर्यंत चालला, आणि तो जिंकल्यातच जमा होता. हॉलमधल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. मग तो बरोबरीत सुटला आणि सामना दोन-दोन झाला. आता पुढच्या रविवारचा शेवटचा सामना जिंकला तरच वरच्या गटात टिकता येणार होतं. त्या सामन्याची चार नावं आज संध्याकाळपर्यंत आयोजकांना कळवायची होती. चौथं नाव कोणाचं, याबद्दल अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं.

संघाची एक रीत होती. सामना झाला की दुसऱ्या दिवशी इथं जमायचं. ज्याच्या डावावर सामना फिरला, त्यानं तो डाव आठवणीनं स्वतः मांडायचा. त्याचं होईपर्यंत दुसऱ्या कोणी मोहऱ्याला हात लावायचा नाही, आणि सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये. या बैठकीला ते पोस्टमार्टम म्हणायचे. आज सकाळी मात्र फारूखनं फोनवर, "संध्याकाळी या, डाव बघू," एवढंच म्हटलं होतं. रामहरीच्या ते लक्षात आलं होतं. त्याची बायको सुलेखा पावसाळ्यात वारली, तेव्हापासून त्याच्यासमोर लोक शब्द निवडून बोलत होते. त्याला त्याचं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

"पोस्टमार्टमच म्हणा," तो म्हणाला. "तिचं काय ते झालं नव्हतं. साधा ताप होता."

मेघानं स्टूल थोडं पुढं ओढलं.

"माझा डाव कुणी बघत नाय, एवढं बरं आहे," फारूख म्हणाला.

"तुमच्यात बघायला काय आहे, भाई?" मेघा म्हणाली. "बाराव्या चालीला वजीर देऊन टाकला."

"दिला नाय. गेला."

"तेच ते."

रामहरीनं हत्ती पटाच्या उजव्या कडेला ठेवला. चाल आठवली होती. समोरच्या मल्हाररावांचा घोडा याच हत्तीनं मारला होता. त्याआधी दोन प्यादी, त्याआधी उंट. मारलेली काळी मोहरी काउंटरवर ओळीत उभी होती. पटावर आता चारच मोहरी राहिली. पांढऱ्याचा राजा आणि हत्ती, काळ्याचा राजा आणि एक प्यादं. ते प्यादं पार डाव्या कडेला होतं, आणि त्याचा राजा त्याच्यापासून लांब होता.

"इथं मल्हाररावांनी प्यादं पुढं घेतलं," रामहरी म्हणाला आणि त्यानं ते एक घर सरकवलं. प्यादं त्याच्या हत्तीच्या रेषेत आलं. मध्ये एकही मोहरं नव्हतं. "घेतलं आणि कपाळाला हात लावला. चूक झाली हे त्यांना कळलं."

"आणि तुम्ही?" सुदर्शन सरांनी विचारलं.

"मी शह दिला."

त्यानं हत्ती एक घर वर नेला. काळा राजा प्याद्याच्या दिशेनं सरकवला. पुढच्या चाली त्यानं भराभर मांडल्या. राजा प्याद्याजवळ पोचला, प्यादं त्याच्या आडोशानं पुढं गेलं, वजीर झालं. वजीर हत्तीनं मारला, हत्ती राजानं मारला. पटावर दोन राजे उरले, लांब लांब.

"संपलं," रामहरी म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आता बाकीच्यांनी बोलायचं होतं. सर क्लासमध्ये गणित शिकवायचे. त्यांना एखादी गोष्ट सुटली नाही तर ते अस्वस्थ व्हायचे.

"रामहरीभाऊ, राग मानू नका. साधा प्रश्न आहे. प्यादं फुकट होतं. मारलं असतं तर हत्तीनं मात करायला तुम्हाला काही अवघड नव्हतं. वेळही होता. घड्याळात तुमची दहाएक मिनिटं शिल्लक होती, मी बघत होतो. बाकी सगळं मारलं, आणि हे एकच का ठेवलं?"

"दिसलं नसंल," फारूख म्हणाला. "होतं असं. मला पण..."

"त्यांना दिसलं होतं, भाई," सर म्हणाले. "ते आत्ता सांगतायत ना, मल्हाररावांनी कपाळाला हात लावला म्हणून."

रामहरी पटाकडं बघत होता. सरांचं म्हणणं बरोबर होतं. काल रात्रीपासून त्यानंही स्वतःला हेच विचारलं होतं. उत्तर येत नव्हतं. हल्ली बऱ्याच गोष्टींचं तसंच व्हायचं. भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचा आणि भाजीवाल्यासमोर उभा राहायचा. भाजीवाला विचारायचा, काय देऊ, आणि त्याला सांगता यायचं नाही.

"मल्हारराव तुमचे पाहुणे लागतात, असं कळलं," सर म्हणाले.

"लागतात. तिच्या माहेरकडून. लांबचे."

"म्हणजे..."

"सर, नक्को," फारूख म्हणाला.

"बोलू द्या," रामहरी म्हणाला. "दहाव्याला आले होते ते. पेरूची करंडी घेऊन आले होते. म्हणून मी त्यांना अर्धा गुण दिला का, असं विचारतायत सर. नाय दिला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सरांना तो ऐकू आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"मी तसं म्हणत नाही. पण मग कारण काय? न दिसणं समजू शकतो. दिसून न मारणं... आपण चौघं वर्षभर रविवार मोडून खेळतो. रामकिसन राखीव म्हणून नुसता बसून असतो. रविवारी तो खेळेल. तुम्ही थोडे दिवस आराम करा. तुमच्यासाठीच बोलतोय."

रामकिसन सरांचा मेव्हणा. तो वाईट खेळाडू नव्हता. रामहरीला तसं म्हणायचंही होतं, की खेळवा त्याला, माझी हरकत नाही. शब्द तोंडाशी आले आणि तिथंच राहिले. रामहरी वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाला होता. मुलगी जालन्याला दिलेली. आता आठवड्यात रविवार सोडला तर त्याला कुठंच वेळेवर पोचायचं नसायचं. रविवारी मात्र तो उशिरा आला तर फारूख फोन करायचा, कुठं आहात, घड्याळ सुरू होतंय. गेले काही महिने त्याच्या फोनवर येणारा तेवढाच एक फोन असा होता, ज्यात त्याला तब्येत विचारली जात नसे.

"मी एक करते," मेघा म्हणाली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळपासून लोकांच्या बोटांना सुया टोचून आलेली. "काका, तुमचं मांडून झालंय ना? मग आता मी हात लावू शकते."

तिनं मोहरी मागं नेली. दोन राजे, हत्ती, आणि डाव्या कडेला काळं प्यादं, हत्तीच्या रेषेत. बरोबर त्याच घरात. मग ती स्टूल उचलून काउंटरच्या पलीकडं, फारूखच्या शेजारी जाऊन बसली. काळ्याच्या बाजूला.

"काका, चाल तुमची. डाव आत्ता इथून सुरू झाला असं समजा."

रामहरीनं हात पुढं केला. हत्तीवर बोटं ठेवली. हत्ती थोडा सरकला, प्याद्याच्या दिशेनं निघाला. मग त्याची बोटं थांबली. हत्ती परत मागं आला, एक घर वर गेला.

"शह," तो म्हणाला.

बाहेर एका रिक्षावाल्यानं दुसऱ्याला शिवी दिली आणि दोघं हसले. फारूखनं पटावरून नजर उचलून रामहरीच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"रामहरीभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "मारलं तर काय होतं?"

"मारलं तर बुर्जी होती," रामहरी म्हणाला.

तो बोलला आणि मग त्यालाच ते ऐकू आलं.

"काय होतं?" मेघानं विचारलं.

उत्तर फारूखनं दिलं. "जुना कायदा आहे. देशी खेळाचा. समोरच्याचा राजा एकटा पडला, त्याच्याजवळ एक पण मोहरं नाय राहिलं, की डाव तिथंच खतम. बुर्जी. अर्धा डाव त्याला, अर्धा तुला. आमचे नाना तसंच खेळायचे. म्हणायचे, अकेला बादशाह, उसको क्या मारना. पूरा डाव जिंकायचा असला तर त्याचं एक मोहरं जितं ठेवूनच मात करावी लागायची."

"पण लीगमध्ये तर असा नियम नाही," सर म्हणाले.

"नाय," रामहरी म्हणाला. "लीगमध्ये नाय. आमच्या घरी आहे."

सुरुवात कुठून करायची ते त्याला सापडत नव्हतं.

"तिच्या वडलांनी शिकवलं होतं तिला," तो शेवटी म्हणाला. "अजिंठ्याकडं, मेंढरं बसवलेल्या रानात. जमिनीवर रेघा ओढून खेळायचे. लग्न झालं तेव्हा मला येत नव्हतं. तिनं शिकवलं. मग मी कंपनीत लागलो, तिथल्या पोरांबरोबर हे इंटरनॅशनल शिकलो. घरी येऊन तिला म्हणलं, आपण चुकीचं खेळतो. ती म्हणली, चुकीचं कसं? आमचे बाप काय येडे होते का? मग घरी घरचं आणि बाहेर बाहेरचं. रोज एक डाव व्हायचाच. दिवे लागले की."

"कधी जिंकल्या त्या?" मेघानं विचारलं.

"लई कमी. पण बुर्जी करायची. सगळं हरत आलं ना, की शेवटचं जे काय राहिलंय ते आणून माझ्या हत्तीच्या तोंडाशी ठेवायची. मारा की, म्हणायची. आता का हात आखडला? मी नाय मारायचो. मारलं की बुर्जी, अर्धा डाव तिचा. मी हत्ती काढून घ्यायचो. ती परत मागं यायची. एक प्यादं, पण पटभर माझ्या हत्तीच्या मागं लावायची. मी म्हणायचो, अगं, प्यादं मागं येत नाय. म्हणायची, माझं येतं."

फारूख हसला. आवाज न करता, खांदे हलवत. मेघाही हसली. रामहरीला त्या हसण्याचं नवल वाटलं. आपण काही गमतीचं बोलत आहोत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"मल्हाररावांनी प्यादं पुढं ठेवलं," तो म्हणाला, "आणि मला वाटलं, आली. फसायचं नाय. म्हणून हत्ती काढून घेतला."

सर आता पटाकडं बघत नव्हते. शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडं बघत होते.

"हे सांगायचं ना मग," ते म्हणाले.

"मला आत्ता कळलं, सर."

मेघानं हत्ती उचलून परत जुन्या घरात ठेवला. डाव पुन्हा तिथंच आला. मग ती नुसती बसून राहिली, हनुवटीखाली मूठ घेऊन, काल मल्हारराव बसले होते तशी.

रामहरीनं प्याद्याकडं पाहिलं. लाकडी, काळ्या रंगाचं, डोक्यावरचा रंग उडालेलं. फारूखच्या दुकानातला हा पट तो कित्येक वर्षं बघत होता. यातलं एकही मोहरं सुलेखाच्या हातचं नव्हतं. ती या दुकानात एकदाच आली होती, चाळिशीचा चष्मा करायला. पट कोपऱ्यात पडलेला बघून म्हणाली होती, चौकोन लई बारीक आहेत.

त्यानं हत्ती उचलला, सरळ नेला आणि प्यादं मारलं. मारलेलं प्यादं बाजूच्या ओळीत उभं केलं. मग त्याचे हात आपोआप पटाकडं गेले. त्यानं स्वतःचा राजा उचलला, पेटीत टाकायला. घरी डाव इथं संपला की ते पट आवरायला लागायचे.

"काका," मेघा म्हणाली. "माझी चाल आहे ना."

तिनं आपला एकटा राजा उचलला आणि एक घर पुढं ठेवला.

रामहरी थोडा वेळ हातातल्या राजाकडं बघत राहिला. मग त्यानं तो होता त्या घरात परत ठेवला.

"तुमची," मेघा म्हणाली.

तो खेळायला लागला. हत्तीनं एक रेष अडवायची, राजानं पुढं यायचं, मग पुढची रेष. त्याला हे येत होतं. कंपनीच्या कॅंटीनमध्ये त्यानं ते कितीतरी पोरांना शिकवलं होतं. पण मेघाचा राजा चिवट होता. मधल्या घरांमधून हटत नव्हता. एकदा रामहरीनं हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि राजा त्याच्यावरच चालून आला. त्याला हत्ती लांब न्यावा लागला.

"च्यायला," तो पुटपुटला.

फारूखनं सरांकडं बघितलं. सरांनीही त्याच्याकडं बघितलं. पावसाळ्यापासून त्यांनी रामहरीच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

"एकटा असून लई पळतोय," रामहरी म्हणाला.

"पळणारच की, काका. घरं मोकळी आहेत ना सगळी."

मात व्हायला बराच वेळ लागला. झाली तेव्हा काळा राजा पटाच्या कोपऱ्यात होता आणि रामहरीच्या कपाळावर घाम होता. थंडीचे दिवस, तरीही. त्यानं रुमालानं तो पुसला.

फारूखनं ड्रॉवर उघडून फोन काढला. आयोजकांना पाठवायचा मेसेज लिहायला घेतला. पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, सरांचं लिहिलं. मग अंगठा थांबवून त्यानं वर पाहिलं.

"रामहरीभाऊ, एक विचारतो. कप्तान म्हणून विचारतो, दोस्त म्हणून नाय. रविवारी समोरच्याचं असंच शेवटचं मोहरं राहिलं, आणि त्यानं ते तुमच्या हत्तीपुढं आणून ठेवलं. तर?"

बुर्जी होईल, हे आत कुठंतरी रामहरीला अजूनही वाटत होतं. ते जाईल असं त्याला वाटत नव्हतं, आणि ते जावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

"मारीन," तो म्हणाला.

मग थोड्या वेळानं म्हणाला, "तिथं मारीन."

फारूखनं एकदा मान हलवली आणि चौथं नाव लिहिलं. सर काउंटरवरून वाकून फोनच्या पडद्याकडं बघत होते. रामकिसनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मेसेज गेल्याचा आवाज झाला.

मेघा मोहरी पेटीत भरायला लागली. सर उठले, खिशातून गाडीची किल्ली काढली, परत खिशात टाकली आणि स्टुलावर बसले.

"ते बुर्जीचं," ते म्हणाले. "आमच्या गावाकडं पण म्हातारी माणसं काहीतरी तसं खेळायची. मला कधी शिकवलं नाही कोणी. दाखवाल का?"

"आत्ता नाय, सर. दोन्ही एकदम डोक्यात घेतलं तर रविवारी परत घोटाळा व्हायचा."

"मग रविवारनंतर. सामना झाला की तुमच्याकडंच येतो. घरी."

"मी पण," मेघा म्हणाली. "भाई, तुम्ही पण चला. तुमच्या नानांचे कायदे आणि काकूंचे कायदे एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे."

"हौ, चला," फारूख म्हणाला. "पण मागं येणारं प्यादं आम्हाला मंजूर नाय."

रामहरीनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. दहावं-तेरावं उरकल्यावर त्याच्या घरात बसायला कोणी आलं नव्हतं. कोणाला बोलवायचं त्याच्याही मनात आलं नव्हतं. त्यानं मनातल्या मनात घर एकदा फिरून बघितलं. बाहेरची खोली, पलंग, दोन खुर्च्या, ओटा, ओट्यावरचं झाकून ठेवलेलं पातेलं.

"मग दूध आणावं लागंल," तो म्हणाला. "सकाळीच. आमच्याकडं दुपारनंतर मिळत नाय."